बेबीचं हसू

बेबीची सकाळची गोळी अर्धी करा, असं वहिनींना मीच सांगितलं. मी डॉक्टर नव्हतो. सरकारी खात्यात फायली पुढे ढकलणारा सेक्शन ऑफिसर होतो. कारण ऐकून ठेवा: बेबी माझ्या विनोदांना हसेनाशी झाली होती.

बेबी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनींची ही एकुलती एक मुलगी. एकोणीस वर्षांची, पण तोंडातून शब्द नाही. हात वर धरून, डुलत डुलत चालायची. फिट यायच्या, कशाने, ते कुठल्याच डॉक्टरला सांगता येत नव्हतं. आणि हसायची. मी दारात दिसलो की टाळ्या पिटत, लाळ गळेपर्यंत हसायची. माझ्यानंतर तिचा जीव कूलरवर. जाळीतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बोटं धरून दुपारभर उभी राहायची.

घरी मी विनोद सुरू केला की बायको कुकर लावायला उठे. मग हा हक्काचा श्रोता कोण सोडणार? दर रविवारी मी साहेबांच्या नकला घेऊन हजर. वर वहिनींना छातीठोक सांगायचो, "हसते म्हणजे तिला कळतं. आज ना उद्या बोलेल बघा."

वहिनी प्रत्येक घासाला तिच्यापुढे 'आ-ई' म्हणायच्या. "एकदाच म्हणू दे," त्या म्हणत, "मग जन्मभर गप्प बसली तरी चालेल."

पुढे बेबीचे वडील गेले, क्वार्टर सोडावं लागलं. नोएडाच्या नव्या फ्लॅटला लिफ्ट होती, एसी होता, कूलर नव्हता. बेबी बंद काचेवर बोटं फिरवत राहायची. फिट वाढल्या, तशा डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. फिट थांबल्या, पण बेबी पेंगायला लागली. एका रविवारी तिथं जाऊन मी ठेवणीतली नक्कल केली. तिनं जांभई दिली.

मला ते लागलं. म्हटलं, "वहिनी, ही गोळी तिची समज झोपवतेय. अशानं ती बोलणार कधी? अर्धी करून बघा."

"डॉक्टरांना विचारू का?"

"अच्छा, म्हणजे ते आणखी एक वाढवून देतील! बिल्कुल काही होत नाही."

पाचव्या दिवशी आलेली फिट थांबेचना. हॉस्पिटलातून बेबी परत आली ती आडवीच. हसू परत आलं, चालणं गेलं. आता ती भिंतीकडे बघूनही तशीच हसायची. गोळीचा विषय वहिनींनी कधी काढला नाही. मी तर नाहीच नाही. विनोद मात्र सांगत राहिलो. दुसरं काही येतच नव्हतं.

वर्षभरानं रक्ताचा रिपोर्ट आला आणि आजाराला नाव मिळालं. दोष जन्मापासूनचा, जनुकांतला. शब्द कधीच येणार नव्हता आणि ते हसणंही आजारातलंच, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या बेबीला वरण-भात भरवत होत्या. 'आ-ई' म्हणत नव्हत्या. घास झाला की तिची बोटं पाण्याच्या वाडग्यात बुडवत होत्या, एवढंच.

आणि अशा वेळी मी काय विचारावं? "म्हणजे माझ्या विनोदांना ती हसायची, ते...?"

वहिनींनी तिची हनुवटी पुसली.

"भाऊजी, तुमचे विनोद मीही ऐकलेत. मी हसले होते का कधी?"