मागच्या सीटवर माय

वडिलांची जुनी अमेरिकन गाडी मी अकोल्याहून अमरावतीच्या एका मेकॅनिककडे नेली. दिसायला राजेशाही, पण खड्ड्यात दणके द्यायची आणि गिअर बदलताना हिसके. त्यानं स्प्रिंगचे नवे पाटे आणि शॉकअप बसवले, पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सही घातला. मला वाटलं, झालं. पण तो गाडी देईना.

काम झालेल्या गाडीत तो आधी आपल्या म्हाताऱ्या आईला मागच्या सीटवर बसवायचा आणि भातकुलीपर्यंत फिरवून आणायचा. माझ्या गाडीच्या अशा दोन खेपा झाल्या. दोन्ही वेळा उतरल्यावर त्यानं मान हलवली, गुडघ्यानं बंपर दाबून पाहिला आणि गाडी पुन्हा कामाला घेतली.

"आता काय राहिलं?" मी चिडून विचारलं.

"माय जागीच होती, भाऊ. तिले झोप लागली का गाडी तयार."

तिसऱ्या खेपेला मीही पुढं बसलो. तो अलगद गिअर बदलत होता आणि सारखा आरशात बघत होता. भातकुलीहून परतताना त्यानं मला मागं बघायची खूण केली. म्हातारीची मान खिडकीला टेकली होती, तोंड जरासं उघडं होतं.

गॅरेज आलं, पण तो थांबला नाही.

"थांबलो तं उठन ते," तो हळूच म्हणाला. "तुमाले घाई हाय का?"

महिनाभर मी त्याच्यामागे घाईच लावली होती.

"नाही," मी म्हणालो, आणि हॉर्नचे आवाज आत येऊ नयेत म्हणून माझ्या बाजूची काच सावकाश वर केली.