मुठेच्या पाण्याची बाटली
नारायण पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंमुळे मी पुण्यात टिकलो. नदीचा कुबट वास आला की त्याच आठवतात. सातवीत शाळा सोडलेला मी मोठेपणी यवतमाळहून येऊन हिंजवडीत एका आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये लागलो होतो. ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून चार माणसं भेटतील या आशेने एका रविवारी बाईंच्या नदी वाचवणाऱ्या गटाबरोबर वारज्यात मुठेचं पाणी तपासणीसाठी भरायला गेलो. घरच्या सवयीने मी बाटलीवर रुमाल धरून पाणी गाळून भरलं. जी तपासायची ती घाण रुमालातच राहिली! सगळे हसले. आता हे परत बोलवायचे नाहीत, या भीतीने मी रुमाल खिशात कोंबला. बाई म्हणाल्या, “अहो, उकळायचं राहिलं की!” मग साडी खोचून माझ्याबरोबर चिखलात उतरल्या, माझ्याच हातून दुसरी बाटली भरून घेतली आणि म्हणाल्या, “पुढच्या रविवारी लवकर या, खडकवासल्याला जायचंय आपल्याला.” आता बाईंना जिना उतरवत नाही. एकदा त्यांना पाठीवर घेऊन नदीवर नेणार आहे.