मॅडमची कोरडी पाकिटं

कॉलेजात त्यांना सगळे मामाच म्हणत. प्रयोगशाळेत कामाला लागले तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. आता भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. काम मात्र तेच: काचेच्या बशा धुवायच्या, खोलीला कुलूप लावायचं आणि भिंतीशी उभ्या असलेल्या लाकडी कपाटातली कागदी पाकिटं जिवापाड जपायची.

पाकिटांत काय, तर काळी खरपुडी. कुठल्या दगडावरून, कुठल्या भिंतीवरून, कुठल्या बर्फाळ डोंगरावरच्या मातीवरून खरवडून आणलेली. बाहेरच्याला वाटावं, जळलेल्या कागदाचा चुरा आहे. पण ते होतं जमिनीवर वाढणारं निळं-हिरवं शेवाळ, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांच्या माळाच माळा. ज्या मॅडमनी ते आयुष्यभर गोळा केलं, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. मामांच्या गुरू म्हणाल तर त्याच.

"मामा, हे मेलेलं नाही," त्या सांगायच्या. "यानं नुसतं घर आवरून दार लावून घेतलंय. पाणी आटायला लागलं की हे पोटात साखर साठवतं, अंगाभोवती चिकट पांघरूण घट्ट ओढून घेतं आणि पडून राहतं. मग कितीही गारठा पडू दे. आत पाणीच उरलं नाही, तर बर्फाच्या सुया होणार कशाच्या?"

आणि दोन नियम. एक, भिजवायचं ते चिमूटभरच. पाकीट हातचं राखायचं. दुसरा, एकदा जागं केलं की घाईनं परत झोपवायचं नाही. "आवराआवरीला वेळ लागतो हो त्याला. तुमच्या-माझ्यासारखंच."

मामांनी हे नियम कधी मोडले नाहीत. मोडले ते एकदाच, आणि तेही प्रेमापोटी.

विभागाचे साहेब एक दिवस दारात उभे राहून म्हणाले, "मामा, ही खोली संगणकांना लागणार. कपाट हलवा."

"साहेब, यात जीव आहे."

"मग दाखवा की! सोमवारी समितीचे तिघं येतायत. हिरवं दिसलं तर हे ठेवून घ्यायला दुसऱ्या संस्थेकडे शब्द टाकतो. नाही दिसलं तर कचऱ्याची गाडी आहेच."

घरी अक्का, त्यांची थोरली बहीण. दोघंच राहत. ती म्हणाली, "त्या चिखलाला जपलंस तेवढं एखाद्या बाईला जपलं असतंस, तर आज मला पोळ्या लाटाव्या लागल्या नसत्या."

"अक्का, सोमवारी बघ. चाळीस बशा हिरव्यागार मांडतो."

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," अक्का म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

चिमटीनं काही भरणार नव्हतं. बशीच्या तळाशी हिरवा ठिपका दाखवून तिघांचं मन वळतंय होय? प्रयोग करायचा तर रंगमंच भरलेला हवा. मामांनी रविवारी सकाळी सगळीच्या सगळी पाकिटं बशांत उलटी केली आणि थेंबाथेंबानं पाणी शिंपडलं. दुपारपर्यंत खरपुडी फुगून मऊ झाली. सोमवारी सकाळी काळ्या कडांमधून हिरवी झाक डोकावत होती. मामांनी धुतलेला सदरा घातला, केसांना पाणी लावलं आणि दारात उभे राहिले.

समिती आली नाही. गुरुवारवर गेली.

ओल्या बशा ठेवल्या तर बुरशी धरेल, या धास्तीनं मामांनी पंखा लावला आणि दोन तासांत सगळं खडखडीत वाळवलं. बुधवारी पुन्हा भिजवलं. झाक आली, पण फिकी. गुरुवारी निरोप आला: पुढच्या मंगळवारी नक्की. मामा बशांपाशी गेले. आता पुन्हा पंखा नको. पण थंडी तर हे सोसतं! मॅडम बर्फातूनच आणत नव्हत्या का? त्यांनी ओल्या बशा डीप फ्रीझरमध्ये रचल्या. कोरडं असतं म्हणून सोसतं, हे पाठ असलेलं वाक्य नेमकं त्या क्षणी आठवलं नाही. अर्धवट उठलेल्या, अजून काहीच न आवरलेल्या त्या जीवांवर दार लागलं.

मंगळवारी बशा बाहेर काढल्या. बर्फ वितळला. उरला तो पिवळट बुळबुळीत लगदा, त्याला साचलेल्या डबक्याचा वास. मामा एकेका बशीवर वाकून, भिंग धरून बघत राहिले. कुठेच काही नव्हतं.

तिघं आले. एका बाईंनी नाकाला रुमाल लावला. दुसरा हळूच म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका हो. खोलीचा निर्णय गेल्याच महिन्यात झालाय. आम्ही नुसती सही करायला आलो." त्यांच्या मागे वायरमन टेप घेऊन भिंत मापत होता.

मामांनी बशा धुतल्या. सगळ्या. नीट पुसून, उपड्या घालून ठेवल्या. मॅडमच्या अक्षरातली रिकामी पाकिटं पिशवीत भरून ते घरी आले.

अक्का पाकिटं चाळत होती. "अरे, या घडीत काहीतरी अडकलंय बघ."

बोटाच्या नखावर मावेल एवढी काळी खरपुडी. मामांनी श्वास रोखून ती घडी पुन्हा मिटली.

"टाक ना दोन थेंब. जिवंत आहे का कळेल तरी."

"नको."

"का रे?"

"चिमूटभर उठवायचं आणि बाकीचं हातचं राखायचं, असा नियम होता. आता हातचं काय राखू? आणि उठवू तरी कुणासाठी?"

त्यांनी ते पाकीट पत्र्याच्या डबीत घालून वरच्या फळीवर ठेवलं. "अक्का, ती डबी पुसायला काढू नकोस."

"नाही काढत," अक्का म्हणाली. "मी आहे तोवर कुणी हात लावणार नाही." मग पदरानं फळीची कड पुसत पुटपुटली, "पुढे येणारा उघडेल, फुंकर मारेल, अन् डबी कामाची आहे म्हणून ठेवून घेईल."

मामांनी डबी फळीवर आणखी आत सरकवली. तेही त्यांना ठाऊकच होतं.