मुतखडा कधीच नव्हता

माझ्या पत्नीच्या आजाराची हकीकत आमच्या नात्यागोत्यात आज दोन प्रकारे सांगितली जाते, आणि दोन्ही प्रकार चुकीचे आहेत. पुतण्याच्या मते काकांनी काकूंसाठी थेट तलासरीहून सोबतीण शोधून आणली. बहिणीच्या मते दादाच्या भिडस्तपणामुळे वहिनी खचली. पुतण्या मला नसलेले श्रेय देतो आणि बहीण मला असलेल्यापेक्षा कमी दोष देते. मी हयात आहे तोवर दुरुस्ती मीच करणार.

२०१४ साली पत्नीच्या अंडाशयातील गाठ मुंबईच्या एका रुग्णालयात काढली. तपासणीत ती कर्करोगाची निघाली, तीही फार विरळ जातीची. डॉक्टरांनी समजावले की ही गाठ सावकाश वाढते, पण कित्येक वर्षांनीही परत उद्भवू शकते. म्हणून दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी चुकवायची नाही. डॉक्टर प्रश्न पत्नीला विचारत होते आणि उत्तरे मी देत होतो. आमच्या घरात रीतच तशी होती. फाइलही माझ्याच पिशवीत असे.

डहाणू रोडला उतरेपर्यंत मी ठरवून टाकले की घरी आणि गावात मुतखडा सांगायचा. मुतखडा बाईला होतो तसा पुरुषाला होतो. त्याचे नाव घेताना कोणी आवाज खाली आणत नाही. बहीण म्हणते तसा हा भिडस्तपणा नव्हता. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, आणि म्हणूनच अधिक वाईट होता. एका गोष्टीचा विचार मात्र राहून गेला. मुतखड्यावरचे औषध ज्याला ठाऊक नाही असा माणूस आमच्या वाड्यांच्या पट्ट्यात सापडायचा नाही. चिकूचे व्यापारी कुळीथ घेऊन आले, विहीण पानफुटीची पाने घेऊन आली, आणि बहीण तर दर मंगळवारी कुळथाचे पाणी उकळून तांब्यातून आणू लागली. ज्याने जे आणले ते पत्नी त्याच्यासमोर मुकाट्याने पिऊन दाखवी.

दोन तपासण्या तिने केल्या. तिसरीला नकार दिला. मी रागावलो, समजावले, मुलीला माहेरी बोलावून घेतले. पत्नी इतकेच म्हणे, "परत आली असेल तर मला कळायला नको." अशी दोन वर्षे गेली.

२०१७मध्ये रुग्णालयातील समाजसेविकेचा माझ्या फोनवर फोन आला. तलासरीकडच्या एका बाईला अगदी हाच आजार होता आणि जवळपास आणखी कोणी आहे का, असे ती विचारत होती. समाजसेविका म्हणाली, "तुमच्या मिसेसना विचारून सांगाल का? त्यांची हरकत नसेल, तरच मी नंबर देईन."

मी म्हणालो, "आमच्या घरी असा पेशंट नाही." आणि फोन ठेवला.

हे वाक्य बहिणीला ठाऊक नाही, पुतण्याला ठाऊक नाही. आज प्रथमच लिहितो आहे.

त्यानंतरच्या मंगळवारी बहीण तांब्या ठेवून गेली आणि मी वाडीत निघालो. पाहतो तर पत्नी चिकूच्या बुंध्याशी कुळथाचे पाणी ओतत होती.

"अगं, हे काय?"

"झाडाला मुतखडा व्हायला नको," ती म्हणाली. मी हसलो, ती हसली नाही. "अहो, जे दुखणं मला नाही त्याची चौकशी सारा गाव करतो. जे आहे त्याबद्दल मी या झाडाशी बोलते. माणूस ठेवलंत का तुम्ही मला एक तरी?"

मी तिथेच, झाडाखाली, तिला फोनबद्दल सांगितले. माझे उत्तरही सांगितले. तिने रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि माझ्या खिशातला फोन काढून घेतला. "लावून द्या," म्हणाली. श्रेय द्यायचेच तर एवढे द्यावे, की मी समाजसेविकेचा नंबर लावून दिला.

पुढच्या मंगळवारी ती बाई तलासरीहून एसटीने आली. रोजंदारीवर जाणारी, पाड्यावर राहणारी, पत्नीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. बहीण नेमकी तांब्या घेऊन बसलेली.

"हे काय पिता, ताई?"

"मुतखड्यावर आहे," बहिणीने अभिमानाने सांगितले.

त्या बाईने पत्नीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "शेठ, गाठीला कुळीथ कधीपासून चालायला लागला?"

बहिणीचा चेहरा उतरला. पत्नी शांतपणे म्हणाली, "वन्सं, मला कॅन्सर आहे. तीन वर्षं झाली." बहीण रडू लागली, तेव्हा पाहुणीनेच तिला तेच पाणी प्यायला दिले. "आमच्या पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "लपवणार कुठं? आमच्या घराला दार तरी कुठं धड लागतं!" मग पत्नीला म्हणाली, "तुमचा टाका कुठवर आहे? माझा दोन मजली आहे. शेठ, तुम्ही जरा बाहेर बसा."

माझ्याच घराच्या ओट्यावर मी तासभर बसून राहिलो. दोन मजली म्हणजे काय ते मला पत्नीकडून नंतर कळले: त्या बाईची गाठ एकदा परत आली होती, दुसऱ्यांदा पोट उघडून काढली होती, आणि पुढच्या आवणीला ती चिखलात उभी राहून भात लावत होती. ज्या गोष्टीच्या धास्तीने पत्नीने तपासणी सोडली, ती गोष्ट पार करून आलेले माणूस समोर बसून चहात बिस्किट बुडवत होते. आतून तिघींचे हसणे ऐकू आले. पत्नीचे हसणे ओळखायला मला एक क्षण लागला.

पंधरवड्याने दोघी मुंबईला निघाल्या. बहीण सांगते की वहिनीने दादाला स्टेशनवरून परत पाठवले. साफ खोटे. डब्यात चढलेलो मी, स्वतःहून उतरलो. पत्नीने एवढेच म्हटले होते, "अहो, फाइल." मी पिशवीतून काढून दिली. फाइल माझ्याकडे नसेल तर मी तिथे जाऊन काय करणार होतो?

सोनोग्राफीत एक बारीक ठिपका दिसला. ठिपकाच आहे, लक्ष ठेवू, असे डॉक्टर म्हणाले. त्यावर तिने विचारलेले प्रश्न तिने मला घरी वाचून दाखवले. ते तिने कागदावर लिहून नेले होते. त्यांतील एकही मला सुचला नसता. आज २०१९ आहे. ठिपका तेवढाच आहे, आणि दोघींची एकही तपासणी चुकलेली नाही.

गेल्या महिन्यात चिकू न्यायला आलेल्या व्यापाऱ्याने विचारले, "काकूंचा मुतखडा काय म्हणतो?"

"मुतखडा कधीच नव्हता," मी म्हणालो. "अंडाशयाचा कर्करोग आहे. विरळ जातीचा. ती बरी आहे."

तो हातातला क्रेट खाली ठेवून उभा राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, माझ्या मेव्हणीला पण तसलंच काहीतरी निघालंय. घरात कोणी बोलत नाही. काकूंचा नंबर द्याल?"

"मी कोण देणारा?" मी म्हणालो. "तिला विचारतो."

हाक मारली. ती पदराला हात पुसत ओट्यावर आली, व्यापाऱ्याचे ऐकून तिने त्याच्या हातातला फोन घेतला.

"अहो," ती मला म्हणाली, "तुम्ही जरा वाडीत जाऊन या."