सातच्या घंटेला झालेला गोल

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतली आम्ही माणसं नंदाखाल गाव बघतो ते राजोडीच्या समुद्रावर जाता जाता. मी मात्र खास नंदाखाललाच निघालो होतो, फुटबॉलसाठी. मुंबईच्या एका कंपनीचा पगारी खेळाडूंचा संघ आहे. त्याच्या मागे मी नऊ वर्षं गावोगाव हिंडत होतो आणि एकदाही त्यांच्या हातात कप पाहिला नव्हता. चार अंतिम सामने हरलो. म्हणजे हरले ते, पण मी 'आम्ही'च म्हणतो. मे महिन्यात पाचव्यांदा अंतिम सामना आला, तोही नंदाखालच्या संघाशी त्यांच्याच मैदानावर, तेव्हा बायको म्हणाली, "जा, रडून या."

वसई पश्चिमेहून एसटी पकडली. "मैदानापाशी उतरवा," असं कंडक्टरला बजावलं होतं. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने एक थांबा आधीच उतरवलं. पण वाईट वाटलं नाही. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधूनमधून माड आणि पाटातून वाहणारं पाणी. आमच्या पूर्वेला मे महिन्यात भिंतीसुद्धा तापतात. इथे मी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

विहिरीवर पाय धुणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांना रस्ता विचारला.

"फायनलला? थांबा, मीपन येतो. आधी पानी प्या."

हे पेद्रूकाका, केळीचे बागायतदार. त्यांचा धाकटा मुलगा मानवेल गावच्या संघाचा गोलरक्षक. वाटेत भेटेल त्याच्याशी काका घरच्या बोलीत बोलत. मला निम्मं कळे. उरलेल्या निम्म्यात मी कुणाच्या बाजूचा आहे तेच असावं, कारण लोक माझ्याकडे बघून हसत होते.

मैदानावर काकांनी मला आपल्याच बाकावर बसवलं आणि कागदात बांधलेली सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) पुढे केली. शत्रूला एवढं गोड खायला घालणारं गाव मी पाहिलं नव्हतं. मग भाषणं झाली. एका पाहुण्यांनी फुटबॉलचा इतिहास सुरू केला तो संपेचना. सामना सुरू झाला तेव्हा उन्हं कलली होती.

गावची पोरं पायात वारं भरल्यासारखी खेळत होती. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. मी मनात म्हणत होतो, देवा, एकच कप दे, परत मागणार नाही.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजली.

आमचा शेखर मैदानाच्या मध्यावर चेंडू घेऊन मान खाली घालून पळत होता. त्याने तिथूनच फटका मारला. काय फटका होता तो. चेंडू डाव्या खांबाला घासून जाळीत गेला आणि मी बाकावर चढून बोंबललो, "गोल!"

माझ्याशिवाय कुणीच ओरडलं नाही. अख्खं गाव डोळे मिटून उभं होतं. काकांनी टोपी काढली होती. मानवेल गोलात हात जोडून उभा होता आणि आमचे बाकीचे खेळाडू बावचळून लोकांकडे बघत होते. मी हळूच खाली उतरलो.

प्रार्थना संपल्यावर काका शांतपणे म्हणाले, "सातची घंटा. गावात सगळे हात थांबतात. खेळ त्याच्या आधीच संपतो, आज भाषनं लांबली."

मुंबईहून आलेले पंच म्हणाले, शिटी वाजली नव्हती, गोल धरला. मानवेलने तक्रारही न करता जाळीतून चेंडू काढला. काका भांडले असते तर फार बरं झालं असतं. ते सुकेळीच्या कागदाची नीट घडी घालत होते.

आमचा कप्तान कदम मला नऊ वर्षांत चेहऱ्याने ओळखायला लागला होता; तो माझ्याकडे धावत आला. "काका, तुम्ही वसईचे ना? हे सगळे थांबले कशाला?"

'काय माहीत' म्हटलं असतं तर कप आमचा होता. शब्द जिभेवर आलासुद्धा. पण बाजूला पेद्रूकाका बसले होते. मी कदमला खरं ते सांगितलं आणि त्याच क्षणी स्वतःच्या मूर्खपणाचा भयंकर राग आला.

कदमने सगळ्यांना गोळा केलं. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा आमचे अकराच्या अकरा बाजूला उभे राहिले. गावच्या पोराने चेंडू चालत नेऊन गोलात ढकलला. बरोबरी झाली. मग अंधुक उजेडात पेनल्टी किक झाल्या आणि एका गोलाने आम्ही पाचव्यांदा हरलो. काकांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

स्टेशनपर्यंत संघाच्या बसमधून आलो. शेजारी शेखर खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"असा फटका आयुष्यात बसला नव्हता, काका. आणि बघितला कुणी? आपली पोरंसुद्धा दुसरीकडे बघत होती."

"मी बघितला. डाव्या खांबाला घासून गेला."

तो वळला. "सगळं गप्प असताना एकच माणूस ओरडला. ते तुम्ही?"

"मीच."

तो हसला आणि मग मला तो गोल पहिल्यापासून सांगायला लावला. मी सांगितला. कप हवा होता, आजही हवा आहे, खोटं कशाला बोलू? पण नऊ वर्षं मी घसा फोडून ओरडत होतो, आणि त्यांच्यातल्या एकाला माझा आवाज ऐकू गेला तो त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.