नगरचा ओरडणारा मुरूम

आमच्या इंजिनिअर कंपनीची एक तुकडी नगरजवळच्या फायरिंग रेंजवर आली, तेव्हा मी लान्स नाईक होतो आणि स्वतःला ब्रिगेडियर समजत होतो. कारण जिल्हा माझा. जन्म सोनईचा, वाढलो उसाच्या काळ्या रानात. सरावात न फुटलेले तोफेचे गोळे जमिनीत राहतात. रेंजच्या कडेच्या एका पट्टीतले असे गोळे शोधून निशाण लावायचं, हे आमचं काम.

आदल्या संध्याकाळी ब्रीफिंग संपलं तसं मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "इथली मिट्टी माझ्या ओळखीची आहे, साब. फिकर नको."

सुभेदार साहेब पंजाबचे. मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "देखेंगे, दरंदले."

सकाळी सहाला फॉल-इन. हेल्मेट, जॅकेट, कानाला हेडफोन. पुढे मी डिटेक्टर घेऊन, मागे तपासलेल्या वाटेवर, म्हणजे लेनवर, पांढरी टेप टाकत नाईक दत्तू गर्जे. दत्तू पाथर्डीकडचा. त्याचे आईवडील ऊस तोडायला आमच्याच शिवारात यायचे. रँकनं मला सीनियर, पण हाक मारायचा 'पाव्हणं'.

डिटेक्टर चालू केला आणि कानात कोल्हेकुई सुरू झाली. आपल्याकडचा खडक काळा, त्यात लोहाचा अंश भरपूर. यंत्राला दगड आणि गोळा दोन्ही सारखेच प्यारे. मी पावलागणिक हात वर करून थांबायचो. दत्तू पोटावर पडून कुंच्यानं माती सारायचा. दगड. पुन्हा दगड. कडेला दगडांचा ढीग झाला.

"पाव्हणं, एवढ्यात बांध घालून हुईल की," दत्तू म्हणाला. "जमीन कुनाच्या नावावर करायची?"

सुभेदार साहेबांनी ढिगाकडे पाहिलं. "मिट्टी ने तुझे पहचाना नहीं, दरंदले."

मग त्यांनी माझ्याकडून ग्राउंड बॅलन्स करून घेतला. डिटेक्टरची गोल थाळी जमिनीवर वर-खाली करत बटण फिरवायचं, नुसत्या मातीची कुरकुर बसेपर्यंत. जमीन बदलली की पुन्हा पहिल्यापासून. ट्रेनिंगमध्ये हे मी शिकलो होतो, परीक्षेत पासही झालो होतो. ओळखीच्या मातीत कशाला, म्हणून केलं नव्हतं.

दुपारी वायरलेस सेटवर आवाज आला. "लेन तीनच्या पुढे सिव्हिलियन. ओव्हर."

न तपासलेल्या तुकड्यात एक म्हातारा धनगर उभा होता. मेंढरांमागे आत शिरला होता. सेंट्रीच्या शिट्टीनं जागीच थांबला, हे नशीब.

"बाबा, हलू नका! खाली बॉम्ब हायेत!" मी ओरडलो.

"मग मेंढरं कशी हलत्यात?"

"त्यांना अजून सांगितलं न्हाई!" दत्तू.

ऑर्डर आली. "दरंदले, गर्जे. लेन बनाओ. लेके आओ."

अर्ध्या वाटेपर्यंत काळी माती. डिटेक्टर शांत. मग लाल मुरूम लागला आणि कान फाटायची वेळ आली. सगळीकडे आवाज. मी जागीच थांबलो. समोर बाबा अवघडून उभे. "पाय भरून आलं बरं का," म्हणाले. ते बसले किंवा लटपटले असते, तर खाली काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. माझा अंगठा आपोआप आवाज कमी करायच्या बटणावर गेला.

"आवाज कमी करू नगं," मागून दत्तू. "जमीन बदललीय. सेट कर."

मी पुन्हा बॅलन्स केला. थाळी वर-खाली, बटण, पुन्हा थाळी. कुरकुर बसली. इंचाइंचानं पुढे गेलो. एक आवाज मात्र बसेना. बाबांच्या डाव्या पायाजवळ. थाळी डावी-उजवी फिरवली, आवाज तिथंच. मागे-पुढे फिरवली, तिथंच. थाळी उचलली. दगडाचा आवाज उचलताच विझतो, हा विझला नाही.

"बाबा, डावा पाय हाय तिथंच ठेवा."

"ठिवला. तंबाखू काढू का?"

"नका काढू."

उजवीकडून वळसा घालून टेप टाकली. दत्तूनं बाबांना आपला पट्टा धरायला लावला आणि आमच्या पावलांत पाऊल टाकत बाहेर आणलं. तो गोळा दुसऱ्या दिवशी आम्ही उडवला. मेंढरं त्याआधीच आपली आपण बाहेर आली होती.

आता रिटायर होऊन सोनईत आहे, माझ्याकडे एक जुनं डिटेक्टर मशिन आहे. कुणाच्या पाइपलाइनचा गाडलेला व्हॉल्व्ह सापडत नाही, कुणाचं मंगळसूत्र रानात पडतं, मला बोलावतात. मशिन कोकलतं, लोक वैतागतात. मला बरं वाटतं.

पुढे आमची तुकडी सीमेवर गेली, दत्तूही. तिथं वाळू. डिटेक्टर एकदम गुणी, कुरकुर नाही. दत्तू गेला त्या दिवशी माझ्या जागी पुढे तोच होता. सुरुंग प्लास्टिकचा होता, त्यात धातू नावापुरता. मी बहिणीच्या लग्नाला सुट्टीवर होतो.

दर वर्षी त्या तारखेला मी पाथर्डीकडे जातो. गावानं शाळेजवळ त्याचं स्मारक केलंय. सॅल्यूट करतो, मग घरी. त्याची आई चहा ठेवते आणि दर वेळी एकच विचारते.

"तुमचं मशिन वरडलं न्हाई का रं?"

"न्हाई, आई. तिथली जमीन गप हुती."