टॉवेलावरचं धम्मचक्र

दुसऱ्यांच्या मागांवर विणून विणून मी सोलापुरात भवानी पेठेत स्वतःचे माग घातले. भाव करताना मला कुणी हरवत नाही, एक बाई सोडून.

त्या एका बौद्ध शिक्षणसंस्थेच्या प्राचार्या. पाहुण्यांचा सत्कार आपल्या रीतीने टॉवेल-टोपी देऊन करायचा आणि टॉवेलातच संस्थेचं बोधचिन्ह विणलेलं हवं, असं त्यांच्या मनात होतं. खाली कमळ, कडेने पिंपळाची पानं, मधोमध आठ आऱ्यांचं चक्र. काम जमलं तर हे गिऱ्हाईक दरवर्षीचं होणार होतं.

मी म्हटलं, "मॅडम, सूत जाड असतंय. आठ आरे एकमेकांत शिरून चक्राची भाकरी होईल. सहा करू की."

"तो अष्टांगिक मार्ग आहे, मालक. काय काय गाळू?" असं म्हणून त्यांनी आठही अंगं सांगितली.

"सम्यक वाचा गाळा. आमच्या धंद्यात तिचं काय काम?"

"ते तुमचा आवाज ऐकूनच कळलं. तो आरा ठळक विणा."

मी चहा न घेता उठलो आणि दारापर्यंत गेलो. हा माझा जुना डाव, समोरचा हाक मारतोच. त्यांनी मारली नाही. मीच मागे फिरलो आणि म्हटलं, निदान पाकळ्या तरी कमी करा.

"चिखलातनं वर आलेलं फूल आहे ते. तुमच्यासारखं."

स्तुती करून भाव पाडणं मला चांगलं कळतं. तरी पाकळ्या राहिल्या.

आरे सुटे दिसावेत म्हणून मी चक्र मोठं केलं. झकास उठलं. कार्यक्रम ऐन उन्हाळ्यात. प्रमुख पाहुण्यांनी टॉवेल घेतला, उलगडला आणि सगळ्या सभागृहासमोर चक्राने तोंड पुसलं, मग मान, मग काखेकडे हात गेला, तेव्हा मॅडम स्वतः उठल्या.

नंतर मला म्हणाल्या, "हे तुम्हाला आधी सुचायला नको?"

"टॉवेल मागितलात, मॅडम. सोलापुरात टॉवेलाने दुसरं काय करतात?"

यात माझी चूक काय, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी त्या माझ्या दुकानात आल्या. टॉवेल हवे होते, पण कोरे. मी जुनाच भाव सांगितला.

"चक्र नाही, कमळ नाही, तरी तोच भाव?"

"मागचा अपमान त्यात धरलाय."

त्या चहा न घेता उठल्या आणि शांतपणे दारापर्यंत गेल्या. डाव माझाच होता, मला पाठ होता. तरी मी हाक मारली.